दोन महिन्यांची उमेदवारी

एप्रिल उजाडला की मध्यमवर्गीय घरांतून एकच चर्चा सुरू होते. परीक्षा आटोपलेल्या मुलाने वा मुलीने सुटीत काय करावे? कोणी परकीय भाषेचा वर्ग सुचवतो, कोणी संगणकाचा अभ्यासक्रम, कोणी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, तर कोणी हिमालयातील पदभ्रमण. अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. शहरातील पर्यावरणविषयक व सामाजिक संस्थांमध्ये सहा ते आठ आठवडे काम करण्याची उन्हाळी अभ्यासवृत्ती, म्हणजेच तरुणांच्या भाषेतील ‘समर फेलोशिप’. नदीवर काम करणारी संस्था, कचरावेचकांची संघटना, टेकडी राखणारा गट, वस्तीतील अभ्यासिका अशा ठिकाणी महाविद्यालयीन तरुण जातात, काम करतात आणि सुटी संपताना प्रमाणपत्र घेऊन परततात. अमेरिकेत अनेक विद्यापीठे विद्यार्थ्यांनी स्थानिक सेवासंस्थांत काम करावे म्हणून उन्हाळ्यासाठी वेतन देतात. आपल्याकडेही ती कल्पना आता रुजू पाहत आहे.

ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. ज्या पिढीवर केवळ वेतनाच्या आकड्यांमागे धावल्याचा आरोप होतो, त्या पिढीतील काही तरुण ऐन उन्हात नाल्याकाठी उभे राहू इच्छितात, ही समाजाच्या प्रकृतीची सुचिन्हे आहेत. परंतु चांगल्या कल्पनेचे कर्मकांड कसे होते, हे या देशाने अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच या अभ्यासवृत्तीतून नेमके काय साधायचे, याचा विचार तिचा पसारा वाढण्यापूर्वीच व्हायला हवा. विद्यार्थ्याच्या परिचयपत्रात एक ओळ वाढावी, एवढाच हेतू असेल तर त्यासाठी नदीला आणि वस्तीला वेठीस धरण्याचे कारण नाही. शहराच्या एखाद्या तुकड्याशी त्या तरुणाचे उत्तरदायित्वाचे नाते जडावे आणि तो परतल्यावर त्याच्या मागे कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे काही शिल्लक राहावे, हा हेतू असेल तर मात्र या दोन महिन्यांचे मोल फार मोठे आहे.

नाव नवे, परंपरा जुनी

‘फेलोशिप’ हा शब्द बाहेरून आला, म्हणून ही कल्पनाही बाहेरची, असे समजण्याचे कारण नाही. १८९९ सालचा कलकत्त्यातील उन्हाळा आठवावा. शहरात प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते. स्वामी विवेकानंदांच्या प्रेरणेने रामकृष्ण मिशनने मार्चअखेरीस सेवाकार्य उभे केले. त्याची सूत्रे भगिनी निवेदितांकडे आणि प्रत्यक्ष कामाची देखरेख स्वामी सदानंदांकडे होती. बागबाजार, श्यामबाजार भागातील वस्त्यांत साचलेली घाण उपसण्याचे ते काम होते. एप्रिल महिन्यात प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य या विषयावर निवेदितांनी जाहीर भाषण केले आणि विद्यार्थ्यांना हाक दिली. जे तरुण पुढे आले त्यांना वस्त्या वाटून देण्यात आल्या. घरोघर जाऊन पाहणी करायची, स्वच्छतेची पत्रके वाटायची, लोकांशी बोलायचे आणि ठरल्या दिवशी एकत्र जमून कामाचा हिशेब द्यायचा, अशी ती रीत होती. त्याच्या आदल्याच वर्षी, पैसा कोठून येणार या प्रश्नावर, वेळ पडल्यास मठासाठी घेतलेली जमीन विकू, असे उत्तर स्वामीजींनी दिले होते. कामासाठी निश्चित क्षेत्र, निश्चित जबाबदारी आणि नियमित हिशेब या तीन गोष्टी आजच्या कोणत्याही उन्हाळी अभ्यासवृत्तीने डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

महाराष्ट्राची परंपराही याहून उणी नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसर येथे रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे अध्यापनाची प्रतिज्ञा केली. त्यांतीलच एक असलेल्या नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदासाठी पाच वर्षांचे शिक्षण सक्तीचे ठेवले. देश समजून घेतल्यावाचून देशाची सेवा करता येत नाही, ही त्यामागील दृष्टी होती. अलीकडच्या काळात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात हजारो तरुणांनी कुदळ-फावडे हाती धरले. त्या छावणीतून परतलेल्या कित्येकांच्या आयुष्याची दिशा पालटली.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. सेवेला आलेल्या व्यक्तीने आधी शिकायचे आहे आणि शिकवणारा केवळ पदवीधर असेल असे नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मराठीत यासाठी ‘उमेदवारी’ हा सुंदर शब्द होता. आज तो निवडणुकीपुरता उरला आहे. एके काळी वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यात वा कारखान्यात तरुण उमेदवारी करीत. उमेदवार हा मान खाली घालून शिकणारा असे, पाहणीला आलेला पाहुणा नसे. उन्हाळी अभ्यासवृत्तीकडे पाहताना हा शब्द पुन्हा जुन्या अर्थाने वापरायला हरकत नाही.

सक्तीची शोकांतिका

विद्यार्थ्यांना समाजाकडे व निसर्गाकडे नेण्याचे शासकीय प्रयत्नही झाले. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक विशेष शिबिर, अशी तिची रचना. जिथे कार्यक्रम अधिकारी तळमळीचा लाभला, तिथे या योजनेने उत्तम कार्यकर्ते दिले. जिथे तो लाभला नाही, तिथे हजेरीपटावर तास भरले गेले.

पर्यावरण विषयाची कथा अधिक बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका जनहित याचिकेवर निकाल देताना शिक्षणात पर्यावरण हा विषय अनिवार्य करण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये न्यायालयाला त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली आणि मग पदवी स्तरावर हा विषय सर्वत्र आला. हेतू थोर होता. प्रत्यक्षात काय झाले, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. पर्यावरण प्रकल्पाच्या तयार वह्या स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागल्या. जलप्रदूषणावरील तोच मजकूर आणि तीच चित्रे वर्षानुवर्षे उतरवली गेली. ज्या महाविद्यालयाच्या भिंतीमागून नाला वाहतो, तेथील विद्यार्थ्यानेही तो नाला न पाहता पंचवीस पाने भरली आणि गुण मिळवले.

याच काळात एक वेगळा विचार मांडला गेला होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी परिसर आणि अध्ययन या विषयावर एक राष्ट्रीय गट नेमला गेला. डॉ. माधव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराच्या खऱ्याखुऱ्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांना उपलब्ध अशा सार्वजनिक माहितीसाठ्यात जमा व्हाव्यात, अशी ती दिशा होती. देशातील लक्षावधी विद्यार्थ्यांनी दरवर्षी आपापला ओढा, आपापली विहीर, आपापली झाडे नोंदवली असती, तर वीस वर्षांत केवढी संपत्ती जमा झाली असती! ती संधी बव्हंशी हातची गेली.

आता पुन्हा एक संधी दारात आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र शासनाने स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिप योजिली. विद्यार्थ्यांनी मे ते जुलै या काळात गावांमध्ये १०० तास काम करावे, अशी ती योजना होती. २०२० च्या जूनमध्ये नगरपालिका व महापालिकांत नवपदवीधरांना प्रशिक्षणाची संधी देणारी ‘ट्युलिप’ योजना आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिक्षणाला मानाचे स्थान दिले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांपाठोपाठ २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही हे धोरण लागू झाले आणि क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग व कार्यप्रशिक्षण यांना पदवीत श्रेयांक मिळू लागले. म्हणजे जे आजवर ऐच्छिक होते, ते लक्षावधींसाठी अनिवार्य होऊ घातले आहे. तयार वह्यांचा इतिहास पुन्हा घडायचा नसेल, तर या क्षणी सावध होणे अगत्याचे आहे.

मे महिन्यातील मुठा

एका शहराचा दाखला घेऊन हा प्रश्न पाहू. पुण्याला मुळा व मुठा या नद्या, त्यांना मिळणारे राम नदी, आंबिल ओढा यांसारखे प्रवाह आणि शहराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या टेकड्या लाभल्या आहेत. पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थांची परंपराही या शहरात जुनी आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीपासून नदीकाठी नियमित पदयात्रा काढणाऱ्या ‘जीवितनदी’पर्यंत अनेक गट येथे कार्यरत आहेत. उमेदवारीसाठी यापेक्षा चांगली शाळा कोणती?

नदीच्या अभ्यासासाठी उन्हाळा हा खरा ऋतू आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. पावसाळ्यात मुठा दुथडी भरून वाहते, भिडे पूल पाण्याखाली गेल्याची वार्ता झळकते आणि पुणेकर पुलांवर गर्दी करून नदीदर्शन घेतात. त्या लोंढ्यात सर्व दोष झाकले जातात. मे महिन्यात चित्र वेगळे असते. खडकवासल्याचे पाणी कालव्यातून शेतीकडे आणि नळांतून शहराकडे जाते. नदीच्या पात्रात जे वाहताना दिसते, ते प्रामुख्याने शहराने सोडलेले सांडपाणी असते. नदीचे सोंग गळून पडते. कोणता नाला कोठे मिळतो, कोणत्या नळातून फेसाळ पाणी येते, कोठे राडारोडा टाकून पात्र अरुंद केले आहे आणि कोठे अजूनही एखादा जिवंत झरा तग धरून आहे, हे सारे एप्रिल-मेमध्येच उघड्या डोळ्यांना दिसते. काठाकाठाने चालणारा जिज्ञासू विद्यार्थी आठ आठवड्यांत दोन किलोमीटरचा इतका तपशीलवार नकाशा करू शकेल, की कोणत्याही कार्यालयातील कागदावर तो सापडणार नाही.

अशा नकाशाचे मोल किती, हे पुण्याने किंमत देऊन शिकले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आलेल्या आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार माजवला. पुणे शहर व परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसे गेली. ज्या कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात शहरासाठी पाणी आणले, त्याच दिशेचा ओढा शहराच्या विस्मरणात गेला होता. ओढ्याला स्मरण होते, शहराला नव्हते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी परिसरात पहाटे घरांत पाणी शिरले, तेव्हाही तोच धडा पुन्हा मिळाला. नालेसफाई पावसाळ्यापूर्वी होते, असे दरवर्षी सांगितले जाते. ती खरोखर झाली की नाही, हे मे महिन्यात रोज त्या नाल्यावर जाणारा एक विद्यार्थी तारीखवार सांगू शकेल. तेथे आरोप नसतील, घोषणा नसतील, फक्त नोंदी असतील. प्रशासनाला खडबडून जागे करण्याची ताकद अशा नोंदींत असते.

मोठ्या योजनांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांचा, ११ प्रक्रिया केंद्रांचा प्रकल्प २०१६ मध्ये मार्गी लागला. परंतु तो ठरलेल्या मुदतीत पूर्ण होऊ शकला नाही. असे प्रकल्प शासनाने करायचे असतात आणि ते करताना त्याला जाब विचारायचा असतो. जाब विचारणारा नागरिक मात्र माहितीने सज्ज असावा लागतो. असे नागरिक आपोआप घडत नाहीत, त्यांना वयाच्या विसाव्या वर्षी नदीकाठी उभे करावे लागते.

शिकवणारे हात

नदीपेक्षाही कठीण पाठ वस्तीत मिळतो. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांची कथा या दृष्टीने अभ्यासनीय आहे. महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या या स्त्रियांपर्यंत पोहोचल्या, त्या शिकवायला. तेथे त्यांना कळले, की हातात डिजिटल नव्हे, साधी पाटीही न घेतलेल्या या स्त्रियांचा पहिला प्रश्न अक्षरांचा नाही, तर कामाच्या मान्यतेचा आणि प्रतिष्ठेचा आहे. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. आज साडेतीन हजारांवर कचरावेचक या व्यवस्थेचा भाग आहेत. विद्यापीठातून वस्तीत गेलेल्यांनी ऐकून घेण्याची तयारी ठेवली, म्हणून हे घडले. आपलाच पाठ रेटला असता, तर साक्षरतेचा आणखी एक वर्ग काही महिने चालून बंद पडला असता.

पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो. ओला आणि सुका कचरा वेगळा करावा, असे कायदा २००० सालापासून सांगत आला आहे. तरीही सुशिक्षित घरांतून मिसळलेला कचरा बाहेर येतो आणि तो वेगळा करण्यासाठी कोणा माउलीला हात घालावा लागतो. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊन पडला. तेथील विहिरींचे पाणी नासले. तेथील शेतकऱ्यांनी आंदोलन केले की शहरात कचऱ्याचे ढीग साचत, आणि तेव्हा कुठे शहराला त्या गावांची नावे आठवत. समरसतेच्या गप्पा व्यासपीठावर पुष्कळ होतात. एखाद्या सुखवस्तू घरातील मुलीने दोन महिने रोज सकाळी सहा वाजता कचरावेचक मावशींबरोबर जिने चढावेत, त्यांच्याबरोबर डबा खावा, त्यांच्या मालाचे वजन भंगारवाल्याकडे कसे होते ते पाहावे. आपल्याच इमारतीतील लोक बंद दारातून पिशवी कशी पुढे करतात, हे तिने दाराबाहेरून अनुभवावे. त्यानंतर तिच्या घरचा कचरा पुन्हा कधीही मिसळलेला राहणार नाही, आणि तिच्या तोंडी ‘कचरेवाली’ हा शब्दही येणार नाही. समरसतेची याहून थेट शिकवण दुसरी कोणती असेल?

टेकडीचा पाठ आणखी निराळा. पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण, असे समीकरण मनात घेऊन तरुण येतो. पाच हजार रोपांची योजना त्याच्याजवळ तयार असते. जाणकार त्याला सांगतात, की मे महिन्यात रोपे लावायची नसतात, मागील वर्षी लावलेली जगवायची असतात. पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन वेताळ टेकडी चढावी लागते, तेव्हा घोषणेतील झाड आणि मुळे धरलेले झाड यांतील अंतर समजते. त्याच टेकडीवर झपाट्याने वाढते म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाखाली स्थानिक झाडोरा कसा दबतो, हेही दिसते. गवताळ माळ ओसाड नसून अनेक पक्ष्यांचे घर आहे, हे कळते. हिरवे दिसणारे सारेच हिताचे नसते, ही जाण पुस्तकातून येत नाही.

आक्षेपांचा विचार

या कल्पनेवर घेतले जाणारे आक्षेप मोडीत काढण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप संस्थांचाच आहे. सहा आठवड्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला काम समजावण्यात चार आठवडे जातात. तो शिकला न शिकला तोच निघतो, आणि पुढच्या वर्षी नवा चेहरा समोर उभा राहतो. कार्यकर्त्यांचा मोलाचा वेळ पाहुण्यांच्या सरबराईत जातो. वस्तीतील माणसेही दरवर्षी तीच प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांना कंटाळतात. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर उत्साहाने नव्हे, रचनेने द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. विनावेतन सेवा करण्याची चैन कोणाला परवडते? बीड, नांदेड वा नंदुरबारहून येऊन पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी सुटीत चार पैसे कमावण्याच्या विवंचनेत असतो. उन्हाळ्यात मेस बंद होते, खोलीचे भाडे मात्र चुकत नाही. अशा तरुणाला सेवेची इच्छा असूनही ती करता येत नाही, आणि सेवेचे प्रमाणपत्र घेऊन ज्याला मुळात गरज नाही तोच पुढे जातो. वास्तविक पाण्याचे दुर्भिक्ष, स्थलांतर, वस्तीचे जगणे हे सारे त्या पहिल्या तरुणाने सोसलेले असते. त्याला वगळून चालणारी अभ्यासवृत्ती ही अपुरी तर आहेच, ती आंधळीही आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा. स्पर्धेच्या युगात दोन महिने वाया का घालवावेत? यावर एवढेच म्हणता येईल, की भियंता असो, डॉक्टर असो वा अधिकारी, त्याला उद्या याच शहरातील माणसांसाठी आणि याच नद्यांच्या काठी काम करायचे आहे. ज्याने नाल्याचा उतार पायांनी मोजला आहे, तो स्थापत्यशास्त्रज्ञ नाल्यावर भिंत बांधण्याच्या कागदावर सही करताना एकदा तरी थांबेल. ते थांबणे वाया गेलेले नसते.

शहराने करायचे काम

मग रचना कशी असावी? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक उमेदवाराला एक निश्चित जागा द्यावी. विषय नव्हे, जागा. ‘जलप्रदूषण’ असा विषय दिला की तयार वही आलीच. ‘अमुक पुलापासून तमुक पुलापर्यंतचा डावा काठ’ असे म्हटले, की तेथे जावेच लागते. दुसरी गोष्ट, प्रत्येक जागेची एक नोंदवही असावी. ती मराठीत असावी, म्हणजे त्या भागातील रहिवाशाला, कचरावेचक मावशींच्या शाळकरी मुलीलाही वाचता येईल. तिची एक प्रत संस्थेत, एक क्षेत्रीय कार्यालयात आणि एक जवळच्या वाचनालयात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या उमेदवाराने कोऱ्या पानापासून नव्हे, तर मागच्याच्या शेवटच्या पानापासून आरंभ करावा, आणि आधीच्याने पहिले दोन रविवार त्याच्याबरोबर काठावर यावे. अशी दहा वर्षे गेली तर त्या दोन किलोमीटरांना दहा तरुणांची स्मृती लाभेल. संस्थांचा आक्षेपही मग उरणार नाही, कारण शिकवण्याचा भार आधीचा उमेदवार उचलील.

तिसरी गोष्ट पैशाची. उमेदवाराला निर्वाहापुरते मानधन मिळालेच पाहिजे. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. कष्ट करून शिकण्याला तिने प्रतिष्ठा दिली आहे. तिच्या धर्तीवर शहरातील सेवाकार्याला मानधन देण्याचा विचार विद्यापीठांनी करावा. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी आहे, तोही वापरावा. परंतु सर्वांत चांगला पैसा तो, जो ज्या वस्तीसाठी काम होते तेथूनच येतो. दूरच्या देणगीदाराला अहवाल हवा असतो, शेजारच्या देणगीदाराला काम दिसते. दरमहा आठ हजार रुपये धरले तर एका उमेदवाराचे दोन महिन्यांचे मानधन सोळा हजार होते. शंभर सदनिकांच्या एका सोसायटीला हा भार घरटी एकशे साठ रुपये पडतो. पुण्यातील गणेशोत्सव मंडळांची वर्गणी जमवण्याची ताकद सर्वश्रुत आहे. ज्या नदीच्या घाटावर बाप्पाला निरोप दिला जातो, त्या नदीच्या एका तुकड्यासाठी प्रत्येक मोठ्या मंडळाने एक उमेदवार पोसावा. उत्सवाला समाजकार्याचे अधिष्ठान देण्याची जी भाषा लोकमान्यांच्या काळापासून बोलली जाते, तिला हे साजेसेच होईल.

चौथी गोष्ट मूल्यमापनाची. श्रेयांक देताना प्राध्यापकाबरोबर त्या वस्तीचे मतही विचारात घ्यावे. सुटीच्या अखेरीस उमेदवाराने आपली नोंदवही सभागृहात पाहुण्यांपुढे नव्हे, तर त्याच वस्तीत, त्याच काठावर, तेथील लोकांपुढे वाचून दाखवावी. चूक असेल तर तेथेच कोणी आजोबा सांगतील, की बाळ, हा नाला १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा इकडून वाहत होता. ती दुरुस्ती नोंदवहीत जाईल. आणि अखेरची एक दक्षता. उमेदवार हा सफाई कामगाराचा वा संस्थेच्या सेवकाचा फुकटचा पर्याय होता कामा नये. ज्या कामासाठी कोणाला तरी वेतन मिळायला हवे, ते काम विद्यार्थ्याकडून करून घेणे हा सेवेचा अपमान आहे.

यांतील कोणतीही गोष्ट मोठ्या निधीवाचून वा नव्या कायद्यावाचून अडलेली नाही. एका महाविद्यालयाने, एका संस्थेने आणि एका सोसायटीने ठरवले तर येत्या उन्हाळ्यापासून एका ओढ्यावर आरंभ होऊ शकतो. राष्ट्र ही नकाशावरची केवळ रेषा नव्हे, असे म्हटले जाते. ते खरे असेल, तर राष्ट्राचा सर्वांत जवळचा तुकडा हा घरामागचा नाला आहे, चौकातील कचराकुंडी आहे, उंबऱ्याशी येऊन पिशवी घेऊन जाणारी स्त्री आहे. मातृभूमीला वंदन करणाऱ्या हातांनी तिच्या अंगावरची घाण पाहायचीच नाही, हे कसे चालेल?

रोहिणीचे नक्षत्र लागते, वळवाचे दोन सडाके येऊन जातात आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस शहरावर कोसळतो. त्या रात्री बहुतेक लोक खिडक्या लावून निजतात. ज्या तरुणाने मे महिना आपल्या ओढ्याकाठी घालवला आहे, त्याला मात्र झोप येत नाही. तिसऱ्या मोरीखाली अडकलेला तो राडारोडा कोणी काढला असेल का, हा प्रश्न त्याला जागा ठेवतो. असे जागे राहणारे तरुण प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात दोन-दोन जरी निर्माण झाले, तरी या शहराला भवितव्य आहे. सुटीत कोठे जावे, असे मुलाने विचारले तर सुजाण पालकांनी त्याला एकदा नदीचा रस्ता दाखवावा.